एकाचं बोट धरून दुसरं

राणीसावरगाव ते गंगाखेड या रस्त्यावर ज्याचं रोजचं जाणं-येणं आहे, त्याला सिद्धोधन कंडक्टर माहीत नाही असं व्हायचं नाही. माणूस बोलका. पूर्वी लोक म्हणायचे, दोन शब्द बोलल्याशिवाय याच्या हातून तिकीट फाटत नाही. आता तिकीट मशीनमधून निघतं, पण बोलणं आहे तेच आहे. कुणाच्या म्हशीला रेडा झाला की वगार, कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुणाच्या सोयाबीनला यंदा शेंगाच धरल्या नाहीत, सगळं त्याला ठाऊक. म्हाताऱ्या बाया तर गाडी आपल्या लेकाचीच असल्यासारख्या चढायच्या आणि चढता चढता त्यालाच दटावायच्या, "हात दे की रं, बघत काय उभारलास!"

बघत उभं राहायची सवय मात्र त्याला होती. अनोळखी माणूस गाडीत चढला, त्यातून तो पन्नाशी उलटलेला, उंच, जरा पुढं झुकून चालणारा असला, की सिद्धोधनची नजर त्याच्या तोंडावर थांबायची. मग तो पैसे घ्यायचा, तिकीट द्यायचा आणि पुढं सरकायचा. इतक्या वर्षांत ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

तो आपल्या थोरल्या भावाला शोधत होता.

धम्मानंद बारावीला होता तेव्हा सिद्धोधन शाळेच्या खालच्या वर्गात. दोघं एका गोधडीत झोपायचे. धम्मानंदचा आवाज खणखणीत. विहारात वंदना तोच सांगायचा. बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचा, पण हा पोरगा साहेब होणार, याबद्दल सगळ्या वस्तीला खात्री होती. मग त्याचं काय बिनसलं, ते कुणालाच धड सांगता आलं नाही. माय म्हणायची, पोरगं जेवेना झालंय. शाळेतले मास्तर म्हणाले, याचं ध्यान लागत नाही. सोबतची पोरं म्हणाली, लय भाव खायलाय, खेळायला येईना. बाप म्हणायचा, शब्दाला शब्द द्यायलाय, मस्ती आलीय. आणि लहानग्या सिद्धोधनला एवढंच माहीत होतं, की कूस बदलून बदलून दादा झुंजुमुंजू होईस्तोवर जागाच असतो. पण ही सांगायची गोष्ट आहे, हे त्याला कळत नव्हतं.

एका सकाळी परीक्षेचा फॉर्म भरून येतो म्हणून धम्मानंद गंगाखेडला गेला. तिथल्या स्टेशनावर कुणीतरी त्याला पाहिलं, एवढंच पुढं समजलं. बापानं नांदेड, मनमाड, हैदराबाद पालथं घातलं. मग बापही वारला. चांगुणाबाईनं, म्हणजे मायनं, रेशन कार्डावरून थोरल्याचं नाव कमी करू दिलं नाही. सिद्धोधन मोठा झाला, कंडक्टर झाला. पक्की नोकरी म्हणून सगळे खूश झाले. त्याच्या मनात दुसरंच होतं. गाडीत नाना गावचं माणूस चढतं. एखाद्या दिवशी तोही चढंल.

घरात मात्र धम्मानंदचं नाव निघत नसे. त्याचा शाळेतला एक फोटो भिंतीवर होता, त्याच्याकडं बघणंही सगळे टाळायचे.

सिद्धोधनचं लग्न झालं, रेणुका घरात आली, आणि पुढं पिंकी झाली. ही पोर बापावर गेली होती. बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. दहावीनंतर गंगाखेडच्या कॉलेजात जायला लागली ती बापाच्याच गाडीनं. कंडक्टरच्या शेजारची जागा तिची ठरलेली. गर्दी हटली की सिद्धोधन येऊन बसायचा, आणि मग गंगाखेड येईपर्यंत तोंडाचा पट्टा सुरू. कॉलेजातल्या सरांची नक्कल, मैत्रिणींची भांडणं, डब्यातली भाजी. सिद्धोधन नुसता हं हं करायचा. दिवसभर सगळ्यांशी बोलणाऱ्या त्या माणसाला एवढा एकच वेळ असा होता, जेव्हा त्याला बोलावं लागत नसे.

तिची जिवाची मैत्रीण निकिता. शेतकऱ्याघरची पोर, दोघी पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. अकरावीला थोडे दिवस निकिताही याच गाडीनं आली. मग तिच्या वडिलांनी तिला शिकवणीसाठी लातूरला ठेवलं. त्या दिवशी पिंकी एकटीच चढली आणि म्हणाली, "पप्पा, आता मला लय मोकळी जागा झाली बघा." आणि हसली. सिद्धोधनही हसला.

दिवाळीच्या आसपास ती मागच्या खिडकीपाशी बसायला लागली. डोळे मिटून, डोकं काचेला टेकवून. सिद्धोधननं विचारलं तर म्हणाली, "डोकं दुखायलंय." त्याला वाटलं, पोर मोठी झाली, चारचौघांत बापाशी बोलायची लाज वाटत असंल. रिकाम्या जागेवर त्यानं तिकीट मशीनची पेटी ठेवून दिली. पण गर्दी हटून गाडी कॅनॉलचा पूल ओलांडायला लागली की त्याचे कान उगीच शेजारी लागायचे.

हळूहळू घरात एकेक ऐकू यायला लागलं. रेणुका म्हणाली, "डबा तसाच वापस आणायलीय. विचारलं तर अंगावर धावून येतीय." चांगुणाबाई म्हणाली, "मला म्हणली, आजी, तू गप बस. जल्मात असं बोलली न्हवती." रविवारी विहारात वंदनेला पिंकी पुढं बसायची, ते बंद झालं. सिद्धोधन पहाटे पहिल्या फेरीसाठी उठायचा, तर ही गुडघ्यात मान घालून अंथरुणात बसलेली. "लवकर उठलीस का गं?" म्हटलं तर काही बोलायची नाही.

एके दिवशी गाडीत महारुद्र सर चढले. ते पिंकीला रसायनशास्त्र शिकवायचे. तिकीट घेता घेता सहज म्हणाले, "सिद्धोधनराव, पोरीकडं लक्ष द्या जरा. पहिल्या चाचणीला छान होती. आता पेपर कोरा सोडते. वर्गात असते, पण नसते."

सर पुढच्या फाट्यावर उतरले. गाडी उभीच राहिली. ड्रायव्हर चंद्रभाननं आरशात बघून हाक दिली, "सिद्धूभाऊ, घंटी!"

सिद्धोधनचा हात दोरीवर होता, पण ती ओढायचं भान त्याला राहिलं नव्हतं. जेवण नाही. ध्यान नाही. मैत्रिणी नाहीत. शब्दाला शब्द. पहाटेपर्यंत जाग. हे सगळं त्यानं आधी ऐकलेलं होतं, याच क्रमानं नसेल, पण हेच. फक्त तेव्हा पाच माणसांकडं पाच तुकडे होते, आणि ते एकत्र करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"सिद्धूभाऊ, झोपलास काय?"

त्यानं घंटी दिली. पण त्या फेरीत तो कुणाशीही बोलला नाही, आणि गाडीतल्या लोकांना वाटलं, कंडक्टरला ताप असंल.

संध्याकाळी घरात विषय निघाला. रेणुकाचं म्हणणं, सगळं त्या मोबाइलचं. शेजारची कडूबाई आली होती, ती दबक्या आवाजात म्हणाली, कुण्या पोराचं लफडं हाय का बघा आधी. सिद्धोधन म्हणाला, "मी तिला डॉक्टरला दाखवणार. मनाच्या डॉक्टरला."

कडूबाई उठून गेली तसा रेणुकाचा आवाज चढला. "आवो, येड्याच्या डॉक्टरला? गावात कळलं म्हणजे? उद्या तिचं लग्न ठरवायचं हाय. आपण जरा धाक लावू, मोबाइल काढून घेऊ. होईल नीट."

"आणि न्हाई झाली तर?"

रेणुका काही बोलणार, तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली चांगुणाबाई बोलली. मान खालीच होती. "आमीबी हेच म्हणलं होतं. होईल नीट." मग ती म्हणाली, "धम्माच्या टायमाला दवाखान्यात न्या म्हणायला कुणी न्हवतं. मलाबी सुचलं न्हाई. तू ने रं पोरीला. लोकाला काय सांगायचं ते मी सांगते."

किती वर्षांनी त्या घरात ते नाव उच्चारलं गेलं होतं. रेणुकानं पदर डोळ्याला लावला आणि पुन्हा विरोध केला नाही.

गावातल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी परभणीच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथं शिवकन्या मॅडम म्हणून डॉक्टर होत्या. त्यांनी आधी पिंकीला एकटीला आत घेतलं. बाहेरच्या बाकड्यावर सिद्धोधन आणि रेणुका बसून राहिले. बऱ्याच वेळानं दार उघडलं. पिंकीचे डोळे रडून लाल झाले होते, पण खांदे जरा सैल पडल्यासारखे दिसले.

मॅडम पिंकीला म्हणाल्या, "मघाशी मला सांगितलंस ते आई-पप्पांना सांगशील? पहिल्यांदा काय बिघडलं?"

"झोप," पिंकी म्हणाली. नजर टेबलाच्या कडेवर. "निकिता गेली. आधी रोज फोन करायची. मग तिला टाइमच भेटना. मी वाट बघत जागायचे. पुढं पुढं फोनची वाट बघायची सोडली, तरी झोप येईना."

"मग?"

"मग कॉलेजात डोकं जड राहायचं. सर शिकवायले, फळ्यावरचं दिसायलंय, पण आत काईच जाईना. मार्क कमी पडले. मला वाटलं, मी ढ हाय. दहावीला पडले ते मार्क चुकून पडले असतील."

"मग?"

"मग पोरींत जावं वाटंना. त्या मार्क विचारायच्या. एकटी बसले की तेच तेच डोक्यात फिरायचं. घास उतरंना. न्हाई जेवलं की हातपाय गळायचे, कुणी काई बोललं की तिडीक यायची. आईवर खेकसायचे. आजीला तर... आणि मग आडवं झालं की वाटायचं, आपण किती वाईट हाव. घरच्याला नुसता तरास. असं वाटायला लागलं की मग झोप..."

ती थांबली. तिनं मान वर केली आणि मॅडमकडं पाहिलं. "पुन्हा तिथंच आले की मी."

"हो," मॅडम म्हणाल्या.

सिद्धोधननं विचारलं, "मग मूळ कशात हाय, मॅडम? निकितात का मोबाइलात?"

"एकच मूळ सापडेल असं नाही, भाऊ. मन उदास होतं तेव्हा या गोष्टी एकाचं बोट धरून दुसरी अशा येतात. झोपेच्या मागून थकवा येतो, थकव्यामागून मार्क जातात, मार्कांमागून माणसं तुटतात. मग सगळ्या एकमेकींना धरून गोल बसतात. पहिली निघून गेली तरी बाकीच्या हलत नाहीत. आणि या वयाची मुलं नेहमी रडतच बसतात असं नाही. कितीदा ती नुसती चिडतात. घरच्यांना वाटतं, उर्मट झाली."

"मग सोडवायचं कुठून?"

"जिथं पकड सैल करता येईल तिथून. हिच्या बाबतीत आपण झोपेपासून धरू. दुसऱ्या पोराचं दुसरीकडून धरावं लागतं." मॅडमनी पिंकीकडं बघितलं, तिनं मान हलवली, मग त्या म्हणाल्या, "आणखी एक. हिला कधी कधी वाटतं, आपण नसलेलं बरं. तुम्हाला सांगायला ती हो म्हणाली आहे. हिला एकटं वाटू देऊ नका, आणि याबद्दल विचारायला भिऊ नका. विचारल्यानं असे विचार वाढत नाहीत. न विचारल्यानं पोरं एकटी पडतात."

रेणुकानं लेकीचा हात घट्ट धरला. पिंकीनं तो सोडवून घेतला नाही.

खाली आल्यावर पिंकी नळावर तोंड धुवायला गेली. सिद्धोधन कडुलिंबाच्या पारावर बसला तो उठेचना. रेणुका जवळ आली. "कामून बसलाव? तुमाला बरं वाटना का?"

"दादाचंबी असंच असंल का गं?" तो म्हणाला. "मी शेजारीच झोपायचो त्याच्या."

रेणुका त्याच्या बाजूला बसली.

त्यानंतरचे दिवस सोपे गेले असं नाही. मॅडमनी सांगितलं होतं, झोप येवो न येवो, उठायची वेळ एकच ठेवायची आणि उठल्यावर उजेडात चालायचं. सिद्धोधननं डेपोत विनवण्या करून पहिली फेरी सोडून दिली आणि उशिराची घेतली. दिवस उगवता उगवता बापलेक गावाबाहेरच्या रस्त्यानं निघायचे. सुरुवातीला पिंकी पाय ओढत यायची, एक शब्द बोलायची नाही. सिद्धोधनला गप्प राहायची सवय नव्हती, पण तो शिकला. आठवड्याला परभणीला जाऊन ती दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंशी तासभर बोलून यायची. पुढं मॅडमनी गोळ्याही सुरू केल्या. रेणुका आता "खा, खा" म्हणून मागं लागत नव्हती. आपलं ताट घेऊन तिच्यासमोर बसायची आणि दोघी होईल तेवढं खायच्या. चांगुणाबाई तिच्या केसांना तेल लावायची. कुणी दारात येऊन चौकशी केलीच तर म्हातारी ठणकावून सांगायची, "नातीला दवाखाना चालू हाय. तुज्या गुडघ्याला न्हाई का?"

पहिल्यांदा झोप वळणावर आली. मग एके दिवशी डबा रिकामा आला, आणि रेणुकानं तो धुवायच्या आधी सासूला नेऊन दाखवला. मग महारुद्र सरांनी सांगितलं, पोरीनं वर्गात एक शंका विचारली. सिद्धोधनला वाटलं, जिंकलं आता. पण वार्षिक परीक्षा तोंडावर आली आणि पिंकी पुन्हा पहाटे गुडघ्यात मान घालून बसलेली दिसली. त्याच्या तोंडून निघून गेलं, "आता पुन्हा काय झालं तुला? एवढं केलं तरी..." पिंकीनं तोंड फिरवलं आणि दोन दिवस बोलली नाही. तो एकटाच परभणीला गेला. मॅडम म्हणाल्या, "मागं येणं हाही त्याच वाटेचा भाग आहे. तुम्ही घाबरलात आणि ते रागासारखं बाहेर पडलं. तिला तसंच सांगा."

दुसऱ्या दिवशी चालताना त्यानं सांगितलं. "मी भ्यालो गं. म्हणून वरडलो."

"कशाला भ्याले पप्पा?"

तेव्हा त्यानं धम्मानंदची गोष्ट सांगितली. गोधडीपासून स्टेशनापर्यंत सगळी. गाडीत चढणाऱ्या माणसांच्या तोंडाकडं आपण का बघतो, तेही. हे शेवटचं रेणुकालाही त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

पिंकी बराच वेळ चालत राहिली. मग म्हणाली, "काकाला कुणी विचारलंच न्हाई का, झोप का लागंना म्हणून?"

"न्हाई."

"ते घर सोडून गेले म्हणजे त्यांना तुमी आवडत न्हवते असं न्हाई, पप्पा. मला ठाऊक हाय ना. तवा घरच्याचं तोंड दिसायचं, पण ते लय लांब असल्यावाणी दिसायचं."

सिद्धोधन रस्त्यात उभा राहिला. इतक्या वर्षांत पोलिसांनी, नातेवाइकांनी, जाणत्यांनी त्याला खूप काही सांगितलं होतं. हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, दादा आत्ता कुठं थोडा जवळ आला. आणि जवळ आला म्हणूनच त्याची आठवण पहिल्यापेक्षा जास्त दुखायला लागली. बाजूच्या उसाच्या शेतात कुणीतरी मोटार सुरू केली. बापलेक माघारी वळले.

धम्मानंद सापडला नाही. अजूनही नाही. पण त्याचा फोटो चांगुणाबाईनं उतरवून पुसला, आणि आता ती नातीला त्याच्या खोड्या सांगते. एकदा त्यानं वर्गात आणलेल्या सरड्याची गोष्ट सांगताना ती स्वतःच इतकी हसली की तिला ठसका लागला.

पिंकी बारावी झाली. मार्क बेताचे पडले. विज्ञान सोडून तिनं परभणीत बीएला नाव घातलं, मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. निकिता लातूरहून एकदा भेटायला आली. तिचंही तिथं काही सुखाचं चाललेलं नव्हतं. दोघी ओट्यावर बसून तिन्हीसांजेपर्यंत बोलल्या. पूर्वीसारखं सगळं झालं नाही, पण फोन सुरू झाला.

आता घरात पिंकी नसते. गाडीतही नसते. सिद्धोधन लोकांशी बोलतो, तिकिटं देतो, आणि मधेच, गंगाखेडचा डोंगर दिसायला लागला की, तिनं काय काय सांगितलं असतं ते मनातल्या मनात ऐकत राहतो. बरी होऊन लांब गेलेल्या लेकीची ओढ ही आजारातच निघून गेलेल्या भावाच्या ओढीपेक्षा वेगळी असते. तिच्यात भीती कमी असते, पण दिवसभर छातीत हलकं काहीतरी ओढत राहतं.

परवा दुपारी डेपोत चहा घेताना तिचा फोन आला.

"पप्पा, दोन-तीन दिस झाले, झोप न्हाई लागली नीट. आणि आज मेसमध्ये जावं वाटंना."

सिद्धोधननं कप खाली ठेवला. "मी येऊ का? लगेच निघतो."

"नका येऊ. ऐका तर. मी मघाशीच मॅडमला फोन केला. उद्या बोलावलंय. मैत्रीण सोबत येणार हाय. आणि आत्ता आमी दोघी जेवायला जायलोत."

"आणि दुसरं काई मनात..."

"न्हाई पप्पा. तसलं न्हाई. आलं तर सांगते म्हणले ना." मग तिचा आवाज जरा बदलला. "शनिवारी येते. कुठल्या फेरीला हाव तुमी?"

त्यानं फेरी सांगितली. फोन ठेवल्यावर रेणुकाला लावला आणि जसंच्या तसं सगळं सांगितलं, झोपेचंही आणि जेवणाचंही. रेणुका म्हणाली, "शनिवारी धपाटे करते. तुमी येताना मेथीची जुडी आणा."

समोर चंद्रभाननं गाडी फलाटाला लावली होती. सिद्धोधननं चहाचे पैसे दिले आणि जुडी ताजी कुठं मिळंल, हे गाडीत बसलेल्या एका भाजीवालीलाच विचारलं.